बाळ अजून बोलत नाही. थांबावे की दाखवावे?

कोपरहून एका भगिनीचे चार पानांचे पत्र आमच्यापुढे आहे. राहणे कोपर पश्चिमेला चाळीत, पती कंत्राटी कामावर, स्वतः डोंबिवलीत दोन घरी पोळ्यांचे काम करतात. मुलगी २३ महिन्यांची. चालते, पळते, कुणाचीही चप्पल पायात घालून दारापर्यंत जाते. पण बोलते ते चारच शब्द. आई, मम्मं, भू आणि नाही. सासूबाईंचे म्हणणे, हिचा बापही चार वर्षांचा होईतो बोलत नव्हता, आता गप्प बसवत नाही. शेजारणीने वेखंड उगाळून चाटवायला सांगितले. गल्लीतल्या डॉक्टरांनी तीन वर्षांपर्यंत वाट पाहा म्हटले. आणि ज्या नर्सरीत पुढे नाव घालायचे आहे तिथल्या बाई म्हणाल्या, घरात मराठी बंद करा, मुलीचा गोंधळ होतो. सर्वांचे ऐकून घेतले, आता नेमके काय करू, असा या भगिनीचा प्रश्न आहे.

प्रश्न एकट्या त्यांचा नाही. मध्यंतरी एका रविवारी त्याच भागातील महिलांच्या बैठकीला आम्ही गेलो होतो. वंदना आटोपली, चहा फिरला आणि दोघीतिघींनी आम्हाला बाजूला घेऊन हेच विचारले. बाजूला घेऊन, हे लक्षात घ्या. मुलाला ताप आला, जुलाब झाले तर आपण चारचौघींत सांगतो. मूल बोलत नाही हे सांगताना मात्र आवाज खाली येतो, जणू आईच्याच हातून काही गुन्हा घडला आहे.

म्हणून उत्तर आधी देतो, कारणे मागाहून. थांबू नये. याच महिन्यात मुलीचे कान तपासून घ्यावेत आणि बालरोगतज्ज्ञांकडून तिची एकंदर वाढ पाहून घ्यावी. याचा अर्थ मुलीत दोष आहे असा मुळीच नाही. दोन वर्षांच्या शंभर मुलांत साधारण दहा ते पंधरा मुले उशिरा बोलणारी निघतात आणि त्यांतली निम्म्याहून अधिक पुढे आपणहून बरोबरी गाठतात. अडचण एवढीच की बरोबरी गाठणारे मूल कोणते आणि मागे राहणारे कोणते, हे दोन वर्षांच्या वयात नुसते पाहून कुणालाच सांगता येत नाही. सासूबाईंना नाही, आम्हाला नाही आणि गल्लीतल्या डॉक्टरांनाही नाही.

आता थोडे टप्प्यांविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध केली. घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी बाळे त्यात होती. आपल्याकडची दक्षिण दिल्लीतली. आधाराशिवाय चालण्याचे सरासरी वय १२ महिन्यांच्या आसपास आले. पण शंभरातली जवळजवळ सगळी मुले जेव्हा चालू लागली तो काळ होता ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत! म्हणजे एक मूल आठव्या महिन्यात चालले आणि दुसरे सतराव्यात, तरी दोन्ही ठीकच. शंभरातली चारएक मुले तर हातापायांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली. तेव्हा शेजारणीचा मुलगा अकराव्या महिन्यात चालला म्हणून आपला चौदाव्यात न चालल्याचे दुःख करू नये. सरासरी म्हणजे परीक्षेत पास होण्याची रेषा नव्हे. काळजीची रेषा वेगळी असते आणि ती सरासरीच्या बरीच पुढे असते. दीड वर्ष उलटूनही मूल चालत नसेल तर दाखवावे, तोवर नाही.

हे तक्ते सगळे परदेशातून आलेले आहेत असेही समजू नये. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात प्रमिला फाटक यांनी भारतीय बाळांच्या शारीरिक आणि मानसिक वाढीचा अभ्यास केला आणि १९७० साली तो प्रसिद्ध झाला. एक ते तीस महिन्यांची बाळे त्यांनी पाहिली. नॅन्सी बेली या अमेरिकन संशोधिकेच्या चाचणीवरून त्यांनी आपल्याकडच्या बाळांची वये काढली. १९९६ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली, तीत खेळणी-साहित्य इथलेच घेतले. हालचालींच्या ६७ आणि मनाच्या वाढीच्या १६३ बाबी त्यात तपासतात. आजही मोठ्या रुग्णालयांत भारतीय बाळाची नीट तपासणी करायची तर ही चाचणी वापरतात. एका बाईने बाळांपुढे ठोकळे आणि वाट्या ठेवून, वर्षानुवर्षे नोंदी करून हे काम उभे केले. आपल्या घरांत तिचे नाव ठाऊक नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

बोलण्याचे टप्पे चालण्याइतके डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून ते सांगतो. दोन महिन्यांचे बाळ आपल्याकडे पाहून हसते, हुंकार देते. सहाव्या महिन्याच्या सुमारास बा-बा, दा-दा, मा-मा असे एकापुढे एक आवाज काढू लागते. हे अजून शब्द नव्हेत. पण हा रियाज आहे. नऊ ते बारा महिन्यांत नावाने हाक मारली की वळते. वर्षाच्या आसपास पहिला शब्द येतो आणि त्याच सुमारास बोट दाखवणे येते. दीड वर्षाला दहाएक शब्द, दोन वर्षांला पन्नासच्या घरात शब्द, आणि दोन शब्द जोडून बोलणे: बाबा आले, दूध नको, अजून दे. तीन वर्षांच्या मुलाचे बोलणे परक्या माणसालाही बरेचसे कळावे. र, ळ, ण यांसारखे अवघड उच्चार त्यानंतरही बोबडे राहतात, त्याची चिंता करू नये. अमेरिकेच्या सी.डी.सी. या सरकारी संस्थेने फेब्रुवारी २०२२ मध्ये आपला तक्ता बदलला आणि पन्नास शब्दांचा टप्पा तीस महिन्यांवर ठेवला. शंभरातली निदान ७५ मुले जे करतात तेच वय त्यांनी आता धरले आहे. त्यावर वाचा-उपचार तज्ज्ञांनी बरीच टीका केली. आमचे मत तज्ज्ञांच्या बाजूचे आहे. रेषा पुढे सरकवल्याने मूल लवकर बोलत नाही, फक्त आई उशिरा विचारते.

या सर्व टप्प्यांत बोट दाखवण्याला आम्ही फार महत्त्व देतो. चंद्र दिसला, कावळा दिसला, वरून गाडी गेली की मूल बोट करते आणि वळून आईच्या तोंडाकडे पाहते: तू पाहिलेस का? शब्द नसले तरी हे बोलणेच आहे. ज्या मुलाला शब्द कमी आहेत पण ते बोट दाखवते, हाकेला वळते, डोळ्याला डोळा देते, ‘बाबांची चप्पल आण’ म्हटले की खुणेशिवाय आणते, त्याच्याविषयी आशा जास्त. जे मूल वर्ष-सव्वा वर्ष झाले तरी बोट दाखवत नाही, आपल्याला हवी ती वस्तू घेण्यासाठी आईचा हात एखाद्या चिमट्यासारखा धरून नेते आणि तोंडाकडे पाहत नाही, त्याला शब्द दहा येत असले तरी दाखवावे. आणि आधी येणारे शब्द जर गेले, मूल बोलत होते ते गप्प झाले, तर कोणत्याही वयात, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. इथे वाट पाहणे नाही.

शब्द मोजताना आया फार कंजूषपणा करतात. पत्रातल्या भगिनींनी चार शब्द लिहिले. पण गाईला हम्मा, चिमणीला चिऊ, झोपायला जोजो, बाहेर जायला भुर्र, हे सगळे शब्दच आहेत. मूल तोच आवाज त्याच वस्तूसाठी दर वेळी वापरत असेल तर तो शब्द धरावा, मग तो कितीही मोडका असो. पाण्याला ‘पा’ म्हटले तरी चालते. एक वही करावी आणि आठवडाभर घरातल्या सर्वांनी जे ऐकले ते लिहावे. आजीने ऐकलेले आईला ठाऊक नसते. यादी चारावरून दहावर गेली तर बरेच. नाही गेली तरी ती वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

आता कानांविषयी. मूल उशिरा बोलत असेल तर जगात कुठेही पहिली तपासणी कानांची होते. जन्मणाऱ्या हजार बाळांत निदान एक ते तीन बाळांना कायमचे कमी ऐकू येते. आपल्याकडे बहुतेक घरांत कान कसे तपासतात? पाठीमागे जाऊन ताट वाजवायचे. मूल वळले की झाले, कान चांगले. ही तपासणी नव्हे. ताटाचा, कुकरच्या शिट्टीचा, दाराचा आवाज मोठा असतो. कोपरला तर स्टेशनावर डोक्यावरून दिवा-वसईची गाडी जाते. तिला मूल दचकले म्हणून त्याला स, श, फ, थ हे हलके आवाज ऐकू येतात असे होत नाही. अर्धे ऐकू येणारे मूल हाकेला कधी वळते, कधी वळत नाही आणि घरचे म्हणतात, हट्टी आहे, ऐकून न ऐकल्यासारखे करते. पुष्कळ मुलांना नुसत्या सर्दीने पडद्यामागे पाणी साठून महिनोन्‌महिने कमी ऐकू येते. त्यावर इलाज आहे, पण आधी ते कुणी पाहायला हवे ना!

तपासण्या दोन आहेत. एक ओ.ए.ई. कानात छोटी नळी ठेवतात, काही मिनिटांत होते, दुखत नाही. दुसरी बेरा. मूल झोपलेले असताना डोक्याला तारा लावून आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो की नाही ते पाहतात. पहिलीत ठीक आले तरी शंका राहिली तर दुसरी करून घ्यावी. बाळ दिवस भरण्याआधी जन्मले असेल, काचेच्या पेटीत राहिले असेल, कावीळ फार वाढली असेल, मेंदूज्वर झाला असेल, घराण्यात कुणी लहानपणापासून बहिरे असेल, तर बोलण्याची वाटही न पाहता तपासून घ्यावे. आणखी एक गोष्ट लिहितो, राग मानू नये. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक समाजांत आहे, आपल्यातही आहे. अशा नात्यांतल्या लग्नांत जन्मजात बहिरेपणाचा संभव वाढतो. झालेल्या लग्नाला दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही; अशा घरात बाळ आले तर कान लवकर तपासावेत यासाठी लिहिले आहे. जन्मानंतर एक महिन्याच्या आत पहिली तपासणी, तीन महिन्यांच्या आत निदान आणि सहा महिन्यांच्या आत उपचार सुरू, असा जगभरचा दंडक आहे. तो चुकला म्हणून सगळे संपले असे नाही, पण दर महिन्याला किंमत आहे. कानातून शब्द गेलेच नाहीत तर मेंदूतली भाषेची जागा रिकामी राहते आणि पुढे ती भरणे जड जाते.

कानांबरोबर रक्ताचीही तपासणी डॉक्टर सांगतील. त्याला नाही म्हणू नये. थायरॉइड जन्मतः कमी असेल तर मूल सर्वच बाबतीत मागे राहते, आणि रोजच्या गोळीने ते टळते. रक्त कमी असणे तर घरोघरी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या शंभरातल्या ६७ भारतीय मुलांत रक्त कमी आढळले. असे मूल खेळत नाही, चिडचिडे होते, शिकण्यात मन लागत नाही.

वेखंडाविषयी. बाळगुटीतले वेखंड आपल्या आज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उगाळले. त्यांच्या मायेला आम्ही नावे ठेवत नाही. पण जीभ जड आहे म्हणून मूल बोलत नाही, ही समजूतच चुकीची. जिभेखालचा पडदा आखूड असला तर दूध ओढताना त्रास होतो, पुढे एखादा उच्चार अडतो. पण त्यामुळे मूल बोलायलाच लागत नाही असे होत नाही. भाषा जिभेत नसते, ती कानात आणि मेंदूत असते. मधातून काही चाटवायचे तर वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये, त्यातून जिवावरचे दुखणे येऊ शकते. दृष्ट, गंडा, अंगारा, अमक्या ठिकाणचा नवस यांविषयी या पानाच्या वाचकांना वेगळे सांगायची गरज नसावी. तरी सांगतो, कारण बाबासाहेबांचा फोटो भिंतीवर असलेल्या घरांतही मूल बोलत नाही म्हटले की गुपचूप दोरा बांधला जातो, हे आम्ही पाहिले आहे. दोऱ्याने नुकसान होते ते सहा महिन्यांचे. सहा महिने दोऱ्यावर भरवसा ठेवायचा आणि तेवढ्यात मूल अडीच वर्षांचे होते.

‘बापही उशिरा बोलला’ या म्हणण्यात मात्र थोडे तथ्य आहे. उशिरा बोलणे काही घराण्यांत चालते. मुलगे मुलींपेक्षा किंचित उशिरा बोलतात हेही खरे, पण तो फरक महिन्या-दोन महिन्यांचा, वर्षाचा नव्हे. आईनस्टाईन उशिरा बोलला, हे तर प्रत्येक बैठकीत कुणीतरी सांगतेच. बोलला असेल. त्याच्याकडे पाहून आपल्या मुलाचे कान तपासायचे राहू देऊ नये, एवढेच आमचे सांगणे.

नर्सरीच्या बाईंचा सल्ला मात्र आम्हाला अजिबात पटलेला नाही, आणि यावर सविस्तर लिहायला हवे. दोन भाषा कानावर पडल्याने मूल उशिरा बोलते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. घरात दोन भाषा असतील तर दोन्हींतले शब्द मिळून मोजायचे असतात. कोपरच्या एका चाळीत किती बोली असतात! मूळचे आगरी शेजारी, खानदेशातून आलेली अहिराणी, कोकणातले, मराठवाड्यातले, उत्तर प्रदेशातले. आमच्या पत्रलेखिकेच्या सासरी विदर्भातली बोली आहे, ‘मले-तुले’ म्हणतात. सून म्हणून त्यांनाही ती लागली. आता त्या बोलीची लाज वाटू लागली आहे, कारण नर्सरीच्या दारात ती गावंढळ ठरली. म्हणून त्या मुलीशी मोडके इंग्रजी बोलू लागल्या: कम, सिट, ईट, नो. विचार करा, ज्या मुलीला अजून दहा शब्द येत नाहीत तिच्या कानावर दिवसभरात आईचे पंधरा तुटक शब्द पडतात. आई रागावते, हसते, गोष्ट सांगते, शेजारणीशी तासभर बोलते, ती भाषा मुलीला मिळतच नाही. इंग्रजी शिकू नये असे आम्ही म्हणत नाही. इंग्रजीचे मोल आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. पण ते पहिल्या भाषेच्या पायावर चढते. ज्या बोलीत आईला सहज दहा वाक्ये बोलता येतात तीच बोली मुलाच्या तोंडी आधी येऊ द्यावी. ‘मले’ म्हणू दे. ‘मला’ शाळेत येईल.

घरात काय करावे, हे विचारणाऱ्या भगिनींना वाटते की काही खास व्यायाम असतील. तसे काही नाही. कामावरून आल्यावर कांदा चिरताना मुलीला समोर बसवावे आणि हातातल्या गोष्टीचे नाव घ्यावे. ती ज्याकडे पाहते त्याचे नाव घ्यावे, आपल्याला जे शिकवायचे त्याचे नव्हे. ती ‘गाडी’ म्हणाली की आपण ‘मोठी गाडी’ म्हणावे, ‘गाडी गेली’ म्हणावे, एकच शब्द वाढवावा. विचारून थोडे थांबावे. आपण प्रश्न विचारतो आणि उत्तरही आपणच देतो. मुलाला तोंड उघडायला सात-आठ क्षण लागतात, ते देत नाही. ‘बोल ना, बोल ना, काकूंना म्हणून दाखव’ असा पाहुण्यांसमोर छळ करू नये. आणि मोबाइल. घास भरवताना मोबाइल लावला की मूल पटापट जेवते, हे आम्हालाही ठाऊक आहे. दोन घरचे काम करून आलेल्या बाईला ती दहा मिनिटे किती मोलाची असतात तेही ठाऊक आहे. पण मोबाइल बोलतो, ऐकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आणि भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. आपल्या डॉक्टरांची सूचना स्पष्ट आहे: दोन वर्षांच्या आत पडदा नाही, पुढे पाच वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराहून जास्त नाही. निदान जेवताना आणि झोपताना तरी नको. दिवसभर कुणी पाहत नसताना चालू असलेला टी.व्ही.ही बंद ठेवावा, त्या गोंगाटात आजीचे बोलणे मुलाच्या कानी लागत नाही.

आजीलाही यात घ्यावे. दिवसभर मूल तिच्यापाशी असते. तिला दोष दिला तर ती रुसेल. वही तिच्या हाती दिली तर तीच उत्तम नोंदी ठेवील. वडिलांनी काय करावे, असे एकाही पत्रात कुणी विचारत नाही. तपासणीच्या दिवशी खाडा आईचाच होतो. दोघे काम करत असाल तर एक खाडा वडिलांनी करावा आणि डॉक्टर काय म्हणाले ते स्वतःच्या कानांनी ऐकावे. घरी येऊन बाईने सांगितले की सासरी विश्वास बसत नाही, हा अनुभव कुणाला नाही?

आता जावे कुठे. घरी लसीचे जे माता-बाल कार्ड आहे ते उघडून आतली पाने पाहा. मूल कोणत्या वयात काय करते याची चित्रे त्यात छापलेली आहेत. आपण ते कार्ड फक्त तारखेसाठी काढतो. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान बूस्टरची लस असते, त्या वेळी नर्सबाईंना बोलण्याविषयी आपणहून विचारावे. अंगणवाडीत नाव असेल तर फार बरे. ‘अंगणवाडी’ ही कल्पना आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडला ती वाढवली, आणि २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ ठिकाणी सरकारी योजना सुरू झाली तेव्हा तेच नाव तिला मिळाले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभही फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला झाला, पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. जन्मजात दोष, उणिवा, आजार आणि वाढीतला उशीर, अशा चार गोष्टी त्यात पाहतात. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे आणि पुढचे उपचार मोफत आहेत. पथक कधी येणार, ते सेविकेला विचारून तारीख लिहून ठेवावी आणि त्या दिवशी मूल घरी झोपवू नये.

कोपरहून जवळ म्हणजे डोंबिवलीचे महापालिकेचे शास्त्रीनगर रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई. तिथून पुढे पाठवले तर कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय किंवा शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय. दोन्ही ठिकाणी धिम्या गाडीने थेट जाता येते. वाचा आणि श्रवण यांच्यासाठीच असलेली केंद्र सरकारची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून वांद्रे रेक्लमेशनला आहे. दादरला गाडी बदलावी लागते, मूल कडेवर घेऊन सकाळच्या गर्दीत ते सोपे नाही. त्यामुळे पहिल्या खेपेलाच तपासणीचा कागद, पुढची तारीख आणि घरी करायचे काय ते लिहून घ्यावे. कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना केंद्राच्या एडिप योजनेतून श्रवणयंत्र मिळते, आणि लहान वयात ठरले तर कॉक्लिअर इम्प्लांटसाठीही मदत मिळते. त्या कामाची मुख्य संस्था हीच.

राहता राहिला शिक्क्याचा प्रश्न. बैठकीतली एक बाई म्हणाली, आधीच आमच्यावर कमी शिक्के आहेत का, त्यात मुलीवर आणखी एक कशाला. तिचे दुःख आम्हाला कळते. पण कान तपासणे म्हणजे प्रमाणपत्र घेणे नव्हे. बहुतेक मुलांना प्रमाणपत्राची वेळच येत नाही. ज्यांना येते त्यांच्यासाठी २०१६ चा कायदा आहे. जुन्या १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचे अपंगत्व होते, नव्यात २१ आहेत. त्यात वाचा-भाषेचे आणि स्वमग्नतेचे वेगळे नाव आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असलेल्या मुलांना नॅशनल ट्रस्टच्या निरामय योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आरोग्य विमा मिळतो आणि त्यात थेरपीचा खर्चही बसतो. हा कागद म्हणजे हक्काची पावती आहे. तो मुलीच्या कपाळावर चिकटत नाही, कपाटात राहतो. काढायचा तेव्हा काढावा.

जाताना सोबत न्यायचे ते असे: जन्माच्या वेळचा रुग्णालयाचा कागद, लसीचे कार्ड, शब्दांची वही आणि मुलीचे एक आवडते खेळणे. बेरा करायची असेल तर मूल झोपलेले लागते, म्हणून त्या दिवशी सकाळी लवकर उठवावे आणि गाडीत झोपू देऊ नये. तिथले कुणी झोपेचे औषध देणार असतील तर आधी काही खायला द्यायचे की नाही ते विचारून घ्यावे.

पत्रातला दुसरा प्रश्न, नर्सरीत नाव कोणत्या वर्षी घालावे हा, जागेअभावी पुढच्या अंकात घेऊ.